लोटन आबाचा तळवा

लोटन आबा पारोळ्याजवळच्या खेड्यातला. जळगावच्या एका डाळ मिलमध्ये त्याने एकतीस वर्षं एकच काम केलं. तूर वाळवली. मी त्याच मिलमध्ये पोती वाहिली. पोती वाहणारा माणूस वाळवणीचं काम हलकं समजतो. मीही समजत होतो. एकदा माणूस कमी पडला म्हणून मला पटांगणात उतरवलं. दुपारपर्यंत माझ्या पोटऱ्या आखडल्या, आणि मी केलेलं अर्धं काम आबाने पुन्हा केलं.

काम असं. तुरीला तेल चोळून ढीग लावतात, मग ती सिमेंटच्या पटांगणात उन्हाला पातळ पसरतात. तासातासाने फिरवावी लागते. फावडं लावलं तर दाणा तुटतो. म्हणून माणूस अनवाणी उतरतो आणि पाय न उचलता तुरीतून ओढत जातो. मागे दोन चर पडतात, खालचा दाणा वर येतो. टोकाला वळायचं, शेजारून परत यायचं. एका फिरवणीला चाळीस फेऱ्या, दिवसाला सहा फिरवण्या. घरी जाईपर्यंत चार कोसांवर चाल होते, तीही पाय घासत.

तूर वाळली की नाही, ते आबाचा तळवा सांगायचा. ओला दाणा कातडीला धरतो, वाळलेला निसटतो. या दोन्हींच्या मधल्या चार पायऱ्या फक्त आबाला कळायच्या. मालक अभयकुमार शेठ यांनी ओल मोजायचं यंत्र आणलं, तेव्हा पहिलं वर्षभर यंत्रालाही विचारलं आणि आबालाही. उत्तरात फरक पडला नाही. मग यंत्र कपाटात गेलं. आबाने "आते घ्या", म्हणजे आता घ्या, म्हटलं की तूर चक्कीवर चढायची. त्या दोन शब्दांवर तो जगत होता. पगार सगळ्यांनाच मिळायचा, हे शब्द एकट्याचे होते.

तीन वर्षांपूर्वी शेठचे गुडघे धरले आणि झोप गेली. डॉक्टरने चालायला सांगितलं. शेठची सून चेलना शिकलेली, कामाला नेटकी. तिने अनवाणी चालण्यावर बरंच वाचलं आणि त्यांच्या कॉलनीच्या बागेत एक वाट तयार करून घेतली. आधी गवत, मग नदीची वाळू, मग गोटे, शेवटी ओली काळी माती. दर रविवारी सकाळी वीस-पंचवीस माणसं जमायची. कसं चालायचं ते दाखवायला तिने आबाला बोलावलं.

आबा कडक मास्तर निघाला. शेठचा मुलगा अखिल टाच आपटत चालायचा. आबा त्याला सगळ्यांसमोर म्हणाला, "अखिलभाऊ, तुम्ही चाली नही ऱ्हायनात, जमीनले मारी ऱ्हायनात." लोक हसले, अखिलही हसला, पण पाऊल सुधारलं. पाऊल लहान टाका, बोटं पसरू द्या, आधी जमीन पायाला कळू द्या, मग वजन टाका. एवढंच तो सांगायचा आणि करून घ्यायचा.

फायदा झाला, हे खोटं नाही. बुटात बांधलेल्या पायातली बारीक ताकद गेलेली असते, ती परत येते. तोल सुधारतो. गोट्यांवरून चालताना लक्ष पायातच ठेवावं लागतं, त्यामुळे डोक्यातली कटकट तेवढा वेळ थांबते. शेठचे गुडघे हलके झाले, रात्रीची गोळी सुटली. मी स्वतः शेताच्या बांधावर अनवाणी चालून आलो की मला कोणाशी भांडावंसं वाटत नाही. चेलनाने बागेत फलक लावला. त्यावर हे सगळे फायदे आणि वर आबाच्या पायाचा मोठा फोटो. फाकलेली बोटं, पोळीच्या तव्यासारखा तळवा. आबाने तो फोटो पाहायला बायकोला बागेत नेलं. कोकिळाबाई म्हणाली, तोंडाचा फोटो काढला असता तर बरं झालं असतं, पायाला कोण ओळखणार.

गेल्या वर्षी संक्रांतीच्या सुमारास आबा घरी आला आणि दारापासून पाण्याच्या माठापर्यंत फरशीवर रक्ताचे डाग उमटले. कोकिळाबाईने त्याला बसवून पाय उलटा केला. तळव्यात पोत्याच्या गाडीचा खिळा होता, बोटाच्या पेराएवढा आत. आबाला पत्ता नव्हता. तिने खिळा उपटला तरी तो चहा पीत होता.

"दवाखानामा चला," ती म्हणाली.

"कसाले? पाय पक्का व्हयना. खिळालेच लाज वाटनी व्हई."

हे त्याने दुसऱ्या दिवशी आम्हालाही सांगितलं. आम्ही हसलो. मी म्हणालो, आबा, तुझ्या तळव्याची चप्पल शिवली तर दोन पिढ्या पुरेल. आमच्यात पायाला चटका न लागणं, काटा न बोचणं ही कमाई समजतात. नव्या माणसाला आम्ही हेच सांगायचो, दोन उन्हाळे काढ, मग काही लागणार नाही. आबाला तहान फार लागायची, मुतायला सारखा जायचा. ते आम्ही उन्हावर घातलं.

फाल्गुनात एक मोठा माल पसरला होता. आबाने "आते घ्या" म्हटलं. चक्की सुरू झाली आणि थोड्याच वेळात चक्कीवाल्या कुंदनने ती बंद केली. साल निघत नव्हती, दाणा चेपत होता. तूर पोटात ओली होती. शेठ स्वतः पटांगणात आले, कपाटातलं यंत्र मागवलं. यंत्राने ओल दाखवली. आबा तुरीत उतरला. एक फेरी मारली, दुसरी मारली, तिसरी मारली. वर येऊन म्हणाला, वाळलेली आहे, यंत्र बिघडलं.

कुंदनने मूठभर दाणे दाताखाली धरले आणि थुंकले. शेठ ओरडले नाहीत. हळूच म्हणाले, "लोटन, वय झालं. उद्यापासून यंत्राला विचारत जाऊ." त्यापेक्षा ओरडले असते तर चाललं असतं. आबा महिनाभर सांगत राहिला की पटांगणाला नवा गिलावा केला, त्याने पाय फसवला.

मग मे महिना आला. बारा ते तीन पटांगणात कोणी उतरत नाही, सिमेंट तापून भाकरी भाजेल असं होतं. आबा उतरायला लागला. यंत्र ओल मोजतं, फेऱ्या मारत नाही, असं त्याचं म्हणणं. आम्ही शेडमध्ये बसून पाहायचो. एका दुपारी मी पाणी घेऊन काठापर्यंत गेलो आणि वर ये म्हणालो.

"माले काहीच लागत नही," तो म्हणाला. "तूच सांग, असा पाय बठ्ठा जळगावमा कोना शे?"

मी म्हणालो, सगळ्या जळगावात कोणाचाच नाही. मला ते खरंच वाटत होतं. त्याने पूर्ण फिरवणी केली, चाळीस फेऱ्या. एकही कमी नाही.

चार दिवसांनी कोकिळाबाईला घरात वास आला. आधी वाटलं, उंदीर मेला. नंतर तिने उजवा पाय पाहिला. अंगठ्याखालची कातडी फुगून काळी पडली होती, खालून पाणी येत होतं. मुलगी पुनम धुळ्याला दिलेली. ती आली आणि दोघांना धुळ्याच्या दवाखान्यात घेऊन गेली. तिसऱ्या दिवशी मी एसटीने पोचलो.

डॉक्टर तरुण होता. त्याने आबाला डोळे मिटायला सांगितलं. हातात नायलॉनचा ताठ दोरा होता. म्हणाला, हा दोरा पायाला टेकवीन, टेकला की "हो" म्हणायचं. आबाने डोळे मिटले. डॉक्टरने अंगठ्याला टेकवला, बोटांना टेकवला, चवड्याला, टाचेला. मग दुसरा पाय, तसंच. दोरा दर वेळी वाकत होता. आम्ही सगळे पाहत होतो. थोड्या वेळाने आबा म्हणाला, "साहेब, लावा ना. मी वाट पाही ऱ्हायनू."

पुनम तोंडाला पदर लावून बाहेर गेली.

डॉक्टरने सांगितलं, साखर दहा-बारा वर्षांपासून असेल. तिने पायातल्या नसा मारल्या. पाय पक्का झाला नव्हता, मेला होता. खिळा टोचला तेव्हा आला असता तर एवढं झालं नसतं. अंगठा आणि शेजारची दोन बोटं काढली.

जळगावला परत आल्यावर चेलना भेटायला आली. खरं रडली. आबाने तिला एकच काम सांगितलं. फलकावर लिही, म्हणाला, की अनवाणी चालायच्या आधी साखर तपासा, पायाला कळतं का ते तपासा, आणि रोज संध्याकाळी तळवा पाहा. ज्याला कळत नाही त्याने चप्पल सोडू नये. ती हो म्हणाली. महिन्याने मी बागेत जाऊन पाहिलं. आबाचा फोटो काढला होता. फायदे सगळे जागेवर होते. नवी ओळ नव्हती. तिला विचारलं तर म्हणाली, काका, लोक घाबरतील, येणंच बंद करतील. शेठने मात्र स्वतःचे पाय तपासून घेतले. ठीक निघाले. ते अजून रोज गोट्यांवरून चालतात. चालावं त्यांनी. त्यांच्या पायाला गोटा कळतो.

आबा आता मिलच्या गेटवर बसतो. डॉक्टरने दिलेली मऊ, जाड चप्पल घरातही काढायची नाही. रोज दिवे लागायच्या आधी कोकिळाबाई दारात उजेडाला बसते, त्याचा आधी उजवा, मग डावा पाय मांडीवर घेते आणि बोटाबोटांत पाहते. आबा दुसरीकडे तोंड करून बसतो. गेल्या बुधवारी मी तिथेच होतो. तिने डावी चप्पल उलटी केली तर आतून हरभऱ्याएवढा खडा पडला. टाचेला लाल वळ उठला होता. खडा कधी गेला ते आबाला सांगता येईना. सकाळपासून तो गेट ते ऑफिस चकरा मारत होता.

"काय शे?" त्याने विचारलं.

"काही नही," ती म्हणाली, आणि पाय धुऊन कोरडा केला.

मग आत जाऊन तिने पिशवी भरली. सकाळच्या पहिल्या गाडीने ती त्याला धुळ्याच्या डॉक्टरकडे घेऊन गेली.