शेंदराने दाखवलेली जागा

देवाबद्दल लिहायला मला संकोच वाटतो. इंग्रजी शाळेत आणि होस्टेलवर वाढले. आरतीला शेवटच्या रांगेत उभी राहून नुसते ओठ हलवायचे. पप्पांना ते कळत होतं, पण त्यांनी कधी टोकलं नाही. गेल्या वर्षी पप्पा गेले, आणि यंदा त्यांचं काम माझ्याकडे आलं.

डिंभे धरणाच्या पाण्याखाली आमचं जुनं गाव आहे. भैरवनाथ गावाबरोबर अलीकडच्या काठाला आला, त्याची बहीण जाखाई पलीकडच्या डोंगरावरच राहिली. चैत्री पौर्णिमेला भाऊ पालखीतून तिला भेटायला जातो. पालखी चाकावर चढवायची नाही, हा दंडक. रस्त्याने खांद्यावर न्यायची तर दोन दिवसांची वाट, आणि मासेमारी करणाऱ्या ठाकरांच्या छोट्या होड्यांत ती मावत नाही. म्हणून पप्पांनी कुठल्याशा क्लबने काढून टाकलेली जुनी स्की-बोट घेतली होती, पोटात इंजिन असलेली. वर्षभर ती पर्यटकांना फिरवायची आणि एक दिवस देवाला न्यायची. दिवाळीच्या सुट्टीत मी पुढच्या टोकाला बसायचे. बुडालेल्या देवळावर आलो की पप्पा इंजिन बंद करून नारळ सोडत. पेट्रोलचा वास, बोटीला लागणाऱ्या लाटांची चपचप आणि पप्पांचं पुटपुटणं. माझं सगळं लहानपण त्या थांबण्यात साठलेलं आहे.

यात्रेच्या तीन दिवस आधी हात बसावा म्हणून पप्पांचे जोडीदार किसनकाका यांना घेऊन मी निघाले, आणि पप्पांसारखीच थेट देवळावर गेले. चैत्रात मी कधी घरी नसायचेच. पाणी किती उतरतं, हे मला ठाऊक नव्हतं. खालून दगड घासल्याचा आवाज आला, बोट थरथरली. पाण्याखालची देवळाची दीपमाळ बोटीच्या बुडाला लागली होती.

किसनकाकांनी कडेवरून वाकून खाली पाहिलं. मग म्हणाले, "तुझा बाप चैतात लांबूनच हात जोडायचा, पोरी. नमस्कार लांबनं बी पोचतो."

ट्रॅक्टरने बोट काठावर ओढली. पंखा थोडक्यात वाचला होता, पण त्याला फिरवणारा लांब शाफ्ट वाकला होता. गावात कोणी मला रागावलं नाही. त्याचंच जास्त लागलं. बहीण वाट बघेल, एवढंच एक म्हातारी बोलली.

दुसऱ्या दिवशी आम्ही शाफ्ट आणि पंखा घेऊन वारूळवाडीच्या एका लेथच्या कारखान्यात गेलो. मिस्त्रीने शाफ्ट फिरवून पाहिला आणि मान हलवली. असला गज त्याच्याकडे नव्हता. शिवाय टोकाचा निमुळता भाग पंख्यात तंतोतंत बसला नाही तर पंखा पाण्यातच गळून पडेल, म्हणाला. मुंबईहून मागवायचा तर आठवडा जाणार. मी बाहेरच्या बाकावर बसले. आयुष्यात पहिल्यांदा मी देवाशी मनातून बोलले, आणि तेही भांडले. चूक माझी, मग भेट तुझ्या बहिणीची का चुकावी?

शेजारी एक वयस्क गृहस्थ जीपचा सायलेन्सर जोडून घ्यायला थांबले होते. उरणकडचे, बायकोला घेऊन भीमाशंकरला निघालेले. माझ्याकडे न बघता, शाफ्टकडे बघत त्यांनी विचारलं, "दगडावर घातलीत?" मी मान डोलावली. त्यांचा जन्म बोटींच्या कारखान्यात गेला होता. उठले, भंगारात शिरले आणि बोअरच्या जुन्या पंपाचा स्टेनलेसचा गज काढून आणला.

दुपारभर दोघे त्या गजाला भिडले होते. निमुळतं टोक जुळतंय का ते पाहायला मिस्त्रीने मारुतीच्या तसबिरीपुढची शेंदराची पुडी घेतली, तेलात कालवली आणि पंख्याच्या भोकात पातळ फासली. शाफ्ट आत घालून फिरवला, काढला. एकाच बाजूला लाल रेघ. "रंग लागला तिथं टेकतंय," ते गृहस्थ मला म्हणाले, "बाकी सगळी अजून पोकळी." रेघ घासायची, पुन्हा फासायचं, पुन्हा बघायचं. संध्याकाळी ते टोक सगळीकडून शेंदरी झालं. त्यांच्या पत्नीने जीपमधून हाक दिली, "अहो, चला आता, महादेव झोपायचा." जाता जाता त्यांनी बजावलं, की काठावर शाफ्ट आणि इंजिनाचा जोड पक्का आवळायचा नाही, बोट पाण्यात उतरवून तासभर नुसती राहू द्यायची, पाण्यात बुडाचा आकार किंचित बदलतो, ते नीट बसलं की मग इंजिनाशी जुळवायचं. त्यांचं नाव विचारायचं मला सुचलंच नाही.

आदल्या दिवशी शाफ्ट बसवला. पौर्णिमेच्या सकाळी बोट उतरवली. पालखी काठावर येऊन थांबली, ढोल थांबले. मी तासभर लागेल म्हटल्यावर गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "मॅडमनी देवाला बी लायनीत उभं केलं राव." हशा झाला. माझा हात पान्याकडे जात होता. काकांनी पाना उचलून आपल्या मांडीखाली ठेवला.

मी बसून राहिले. नवस बोलले नाही, स्तोत्र येत नव्हतं. बोट हळूहळू पाण्यावर स्थिर होत होती.

तासाने पाहिलं तर काठावर अगदी बरोबर वाटलेला जोड एका बाजूने केसभर उघडा होता. इंजिन किंचित सरकवलं, जोड आवळला, चावी फिरवली. काकांनी फळीवर तळवा टेकला आणि डोळे मिटले. थरथर नव्हती.

पलीकडच्या काठावर जाखाईच्या बाया ओवाळणीची ताटं घेऊन उभ्या होत्या. पालखी उतरली तेव्हा मी बोटीतच थांबले. रडू कोणाला दिसू नये म्हणून. ते गृहस्थ कोण होते, हा प्रश्न मी सोडवत बसत नाही. त्यांचे उपकार मात्र रोज आठवतात. आणि तो एक तास आठवतो, ज्यात मी काहीही केलं नाही. देवाचं म्हणून मी मनापासून केलेलं पहिलं काम तेच असावं.