फोनवरचा बाप

एम.एस्सी. झाल्यावर मला सांगलीत नोकरी लागली, तेव्हा गावी, वडूजला, आईनं शेजारणीला सांगितलं, "बारक्या पोरांची डोकी तपासती." खरं तर आम्ही तपासत काहीच नव्हतो. तान्ह्या बाळांचा मेंदू कसा वाढतो यावर आमच्या प्रयोगशाळेत संशोधन चालायचं आणि मी तिथं सहायक होते. बाळाला आईच्या मांडीवर बसवायचं, डोक्यावर बारीक तारांची मऊ टोपी घालायची, स्पीकरवरून आवाज ऐकवायचे आणि मेंदूत जी हालचाल होते ती पडद्यावर उमटू द्यायची. माझा निम्मा वेळ रडणाऱ्यांना खुळखुळा दाखवण्यात आणि तारांसाठी लावलेली, केसांत चिकटलेली जेल पुसण्यातच जायचा.

कृष्णाकाठच्या एका गावातून एक बाई आपल्या मुलाला घेऊन आली होती. आठ महिन्यांचा, गुटगुटीत. नवरा फौजेत, सीमेवर. मी टोपी बसवत होते तेवढ्यात त्याचा व्हिडिओ कॉल आला.

"काय रं पैलवान!" तो तिकडून ओरडला, आणि पोरगं अंगभर हसलं.

"रोज बोलल्याशिवाय दोघांनाबी करमत न्हाई बगा," ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर मी आवाज सुरू केले. पडद्यावर काहीच हललं नाही. म्हणजे रेषा हलत होत्या, पण आवाजाला उत्तर म्हणून जे उमटायला हवं ते कुठंच नव्हतं. मी स्पीकर बघितला, तारा बदलल्या, परत लावलं. तो टोपीची वायर चघळत मजेत बसला होता. आईनं तोंड पुढं आणलं की लगेच हसायचा.

"चांगलं हाय न्हवं समदं?" तिनं विचारलं.

ठरलेलं उत्तर मला पाठ होतं. ही तपासणी नाही, अभ्यास आहे. यावरून एकेका बाळाचं काही सांगता येत नाही. ते खोटंही नव्हतं. पण त्या दिवशी मला ते धड बोलता येईना. "थांबा जरा," म्हणून मी आमच्या प्रमुख मॅडमकडे गेले.

मॅडमनी सगळं दोनदा बघितलं. "आपण डॉक्टर नाही," त्या म्हणाल्या, "पण कान दाखवून घ्या, एवढं सांगणं आपलं काम आहे. आणि ते तू सांग. तिची तुझ्याशी ओळख झालीय."

मी सांगितलं.

"खुळ्यागत काय बोलताय ताई? पप्पांचा आवाज आला की हसतोय की!"

तिनं हातातल्या फोनकडे बघितलं, आणि तो मांडीवर पालथा ठेवला. म्हणाली, "दार आपटलं तरी उठत न्हाई. आमी म्हणायचो, लय गुणाचं पोरगं हाय."

पुढच्या आठवड्यात कानाच्या डॉक्टरांकडे मी तिच्यासोबत गेले. बाळाला झोपवून तपासणी झाली. दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. बाहेर व्हरांड्यात तिनं नवऱ्याला फोन लावला आणि एका दमात सांगून टाकलं.

तो म्हणाला, "म्हंजी मी एवढं बोलत हुतो, ते..."

तिला पुढचं ऐकवेना. तिनं फोन माझ्या हातात दिला. माझ्या तोंडाशी सगळे पुस्तकी शब्द आले होते, ते गिळले. म्हटलं, "तुमचा चेहरा तो ओळखतो. फोनवर तुम्ही दिसला की कसा खुलतो, मी बघितलंय."

"व्हय?" तो म्हणाला. मग, "ठेवतो. ड्युटी हाय."

त्या बाळाची नोंद आमच्या अभ्यासातून वगळावी लागली. ज्यांना नीट ऐकू येतं अशांचाच तो अभ्यास होता. संगणकावर त्याच्यापुढे मी 'वगळले' लिहिलं. आमच्या कामात सगळ्यात उपयोगी पडलेली दुपार तीच होती, आणि संशोधनाच्या लेखी ती वाया गेली होती.

त्याला कानामागं लावायची यंत्रं मिळाली. पहिल्या दिवशी कुकरच्या शिट्टीला दचकून तो भोकाड पसरून रडला. हे मला फोनवर सांगताना त्याची आई रडत होती आणि हसतही होती. यंत्रांवर भागेल की पुढं ऑपरेशन लागेल, ते अजून कळायचं होतं.

मग बाप सुट्टीवर आला आणि तिघं प्रयोगशाळेत भेटायला आले. काम काही नव्हतं, सहज. मी म्हटलं, "बोला की त्याच्याशी." तर तो उंचापुरा माणूस लाजला. घसा खाकरला. बायकोकडे बघितलं.

"काय बोलू?"

"रोज काय बोलत हुता? तेच बोला."

"ऊस गेला बग आपला कारखान्याला," तो हळूच म्हणाला.

पोराचं हात चाटणं थांबलं. त्यानं आधी आईकडे बघितलं, मग जरा उशिरानं बापाकडे. बाप बोलतच राहिला. कुठल्या रानातला ऊस, ट्रॅक्टर कसा चिखलात रुतला, कुणी ढकलला. मी दार लोटून घेतलं आणि पुढच्या बाळाच्या टोपीला जेल लावायला गेले.