सुमनताईंची तोंडी परीक्षा

बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आमच्या वर्गात सुमनताई होत्या, पन्नाशीच्या. मागच्या वर्षी त्या इतिहासातच नापास झाल्या होत्या. यंदाही जमलं नाही तर कॉलेज बंद, असं त्यांच्या घरी ठरलेलं. लेखी पेपर सुटला होता, तोंडी तेवढी उरली होती. त्या परीक्षेला आम्हा दोघींना एकदमच आत बोलावलं, तेव्हा त्यांनी पदर मुठीत इतका आवळला होता की बोटं पांढरी पडली होती.

"अमेरिकेतल्या वसाहती इंग्लंडविरुद्ध का उठल्या?" सरांनी विचारलं.

त्या पाठ केलेलं सगळं विसरल्या असाव्यात. मग हळूच म्हणाल्या, "सर, कर त्यांच्याकडून घ्यायचे आणि ठरवताना त्यांना विचारायचंही नाही. किती दिवस ऐकून घेतील?"

"पुस्तकात हेच लिहिलंय, जरा लांबवून," सर म्हणाले. "पास आहात तुम्ही."

मूठ सैल झाली, पदर सुटला. मलाच हलकं वाटलं. तोवर जगाचा इतिहास म्हणजे माझ्यासाठी तह, जहाजं आणि सनावळ्या. त्या दिवशी वाटलं, समुद्रापलीकडे तेव्हाही माणसंच राहत होती. बरीच वर्षं गप्प बसलेली, आतून चिडलेली, आणि बोलायच्या आधी अशीच घाबरलेली.

माझी परीक्षा उरकून बाहेर आले, तर सुमनताई पायरीवर बसून घरी फोन करत होत्या.

"पास झाले. पुढच्या वर्षाला नाव घालूनच येते. कुकर आज तुम्ही लावा."