पिटुकलीचा कोट

शाळेच्या नाट्यगृहामागे, रंगमंचाच्या जिन्याखाली, शिवणमावशीची खोली होती. खोली म्हणायचं ते आपलं मावशीचा मान राखायला. दार उघडलं की थेट मशीनच गुडघ्याला लागायचं. भिंतीवरच्या खिळ्यांना नाटकांचे कपडे लटकलेले असत. ढगांचे झगे, माशांच्या शेपट्या, आणि एका राजाचा अंगरखा, ज्याच्या आत आजवर कितीतरी राजे होऊन गेले होते. वरच्या झरोक्यातून दुपारचं ऊन उतरलं की कापडाची बारीक धूळ त्यात तरंगत राहायची. मशीनच्या घरघरीत मावशीला कळेनासं व्हायचं, आपण जागेपणी झोपलोय की झोपेत शिवतोय.

शाळा होती वकिलातींतल्या आणि परदेशी कंपन्यांतल्या लोकांच्या मुलांची. या लोकांच्या पायाला भिंगरी. पोर इथे रुळतं, जिवाभावाचा एखादा मित्र मिळतो, आणि नेमकी बापाची नाहीतर आईची बदली होते. मग वर्गातली एक खुर्ची रिकामी, आणि चार दिवसांत तिच्यावर नवीन पोर, नवीन भाषेत रडणारं. मावशीच्या लक्षात चेहरे राहायचे नाहीत, खांदे राहायचे. एक खांदा उतरता असलेला तो मुलगा, पोक काढून चालणारी ती मुलगी. शिवता शिवता कधी तिला ती सगळी दिसायची, कुठल्या कुठल्या शहरांतून, तिने न पाहिलेल्या पुलांवरून, तिच्या हातच्या टिपा अंगावर घेऊन चाललेली. फार बरं वाटायचं तिला. दुसऱ्यांची मुलं लांब जातात तेव्हा असं स्वप्नाळू व्हायला आपलं काय जातं?

तिची स्वतःची लेक याच शाळेच्या बालवर्गात मदतनीस होती. मावशी तिला पिटुकली म्हणायची. पिटुकली आता आईपेक्षा वीतभर उंच होती, जिन्याखालच्या त्या खोलीत वाकून यायची, पण नाव काही बदललं नव्हतं. ती शाळकरी असतानाच बाप गेला, तेव्हापासून घरात मायलेकी दोघीच. एका संध्याकाळी चहा घेताना लेक म्हणाली, "आई, त्या जुळ्यांच्या आईची बदली झालीय, वकिलातीतल्या बाईंची. पोरं माझ्याशिवाय जेवत नाहीत म्हणून मलाच बरोबर चल म्हणतायत. संध्याकाळी तिथे बालशिक्षणाचा अभ्यासही करू देणार आहेत. जाऊ?"

"बघू," मावशी म्हणाली.

आता 'बघू' म्हणजे काय, ते कुठल्याही लेकराला विचारा. तो होकार नसतो, आणि नकार म्हणून त्याच्याशी भांडावं तर तीही सोय नसते. शिवाय 'बघू' म्हणणारं माणूस बघत तर मुळीच नाही, उलट डोळे मिटून घेतं. मावशीने घट्ट मिटून घेतले. तो देश कुठे आहे, किती लांब आहे, तिने चकार शब्दाने विचारलं नाही. संध्याकाळी एकटीसाठी चहा टाकायचा म्हणजे आधण किती ठेवायचं, एवढंच तिच्या डोक्यात येई.

वकिलातीतल्या बाईंनी पिटुकलीच्या कोटासाठी जाड लोकरी कापड पाठवलं. लेकीने ते मशीनवर आणून ठेवलं. बरेच दिवस मावशी ते इकडून तिकडे सरकवत राहिली. मग एका दुपारी, वर रंगमंचावर मुलांची गाण्याची तालीम चालू होती, कुणालाच धड न येणारे शब्द जिन्यातून खाली झिरपत होते, आणि मावशीने कापड पसरून कात्री चालवली. टेप घेतली नाही. शाळेतल्या पोरांचं माप तिला नजरेनं कळायचं, मग पोटच्या पोरीला काय मोजायचं? गुंगीतच शिवला तिने तो कोट. चिंध्यांशी खेळणारी पिटुकली, दप्तर पाठीवर टाकून पळणारी पिटुकली, सगळ्या तिच्याभोवती घोटाळत होत्या.

शाळा सुटल्यावर लेकीने कोट अंगात घातला. बाह्या मनगटाच्या बऱ्याच वर थांबल्या. बटणं काजांपर्यंत पोचेनात.

लेक आरशात बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "आई, मुद्दाम केलंस?"

"वेडी की खुळी तू?" मावशी म्हणाली. पण पुढे 'नाही गं' म्हणायला जीभ रेटेना, कारण तिचं तिलाच नक्की ठाऊक नव्हतं. तिने लेकीकडे बघितलं. बऱ्याच दिवसांनी, खरोखर बघितलं. एवढे रुंद खांदे हिला कधी आले? बाप गेला त्या वर्षीच्या पिटुकलीला हा कोट अगदी अंगासरसा बसला असता.

लेकीने कोट काढून उलटा केला. शिवणी चाचपल्या आणि तिला हसूच फुटलं. "माया तरी केवढी ठेवलीयस गं आत."

पुढेमागे कपडा सैल करता यावा म्हणून शिवणीच्या आत जे जादा कापड राखतात, त्याला शिवणारी माणसं माया म्हणतात. मावशीने प्रत्येक शिवणीत ती भरपूर ठेवली होती. डोळे मिटलेले होते, पण हात जागे होते.

"उसवलं तर बसेल?" लेकीने विचारलं.

मावशीला रडू आलं. लपवलं नाही तिने. बाहीला डोळे पुसले आणि टेप हातात घेतली. "सरळ उभी राहा."

लेक उभी राहिली. मावशीला टाचा उंच कराव्या लागल्या. एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत तिने टेप लावली आणि जरा वेळ तशीच धरून ठेवली.

"तिकडे थंडी कितपत असते गं?" तिने विचारलं. त्या देशाबद्दल तिने विचारलेली ही पहिलीच गोष्ट.

टेपेखाली लेकीचे खांदे हलायला लागले.

"हलू नकोस," मावशी म्हणाली, "माप चुकेल."