जिन्याखालचा संडास

अक्षर वाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकलं असेल, माफी असावी. माझी शाळा चौथीतच सुटली. पण तोंडानं सांगायला मला याहून अवघड जातं.

लातूरला आमच्या अपार्टमेंटमध्ये जिन्याखाली एक संडास होता, वॉचमन आणि भांडीवाल्या बायकांसाठी. मीटिंगला मी मागं बसले होते. 'जिन्याखालचं काम काढायचंय' एवढंच कानावर आलं. मला वाटलं, दार मोडलंय, ते नीट करणार. चहाबरोबर रजिस्टर फिरलं. हजेरी समजून सही केली, दोन हजार वर्गणीही खुशीनं दिली.

आठ दिवसांत संडास पाडला. तिथं कमिटीचं ऑफिस झालं. गुळगुळीत फरशी, कूलर, फिरती खुर्ची.

आमच्याकडच्या मावशी सहा घरची भांडी घासतात, सकाळी सातपासून दोनपर्यंत. त्यांनी चहा सोडला. मी पाणी दिलं तर म्हणाल्या, "नगं ताई. पाणी पिलं की जावं लागतंय. जाऊ कुठं?" महिन्यात त्यांना लघवीची जळजळ सुरू झाली, ताप आला.

मी म्हटलं, आमचा संडास वापरा. समोरच्या वहिनींनी मावशींना आत जाताना पाहिलं.

"अहो, घरातला? शी! मग तुम्ही कसं जाता त्यात?"

या वहिनींच्याच पोरांच्या ताटातलं उष्टं मावशी हातानं काढतात, त्याची शी नाही. मला त्या बाईच्या तोंडाकडं बघवेना.

कमिटीचे सेक्रेटरी म्हणजे एक निवृत्त मास्तर. त्यांच्या दारात जाऊन म्हटलं, "माझे पैसे परत द्या."

"वहिनी, तुमची सही हाय की! एकमतानं ठराव झाला."

"मला दुरुस्ती वाटली. त्या खोलीत माझा रुपया नको."

दुसऱ्या दिवशी परत गेले आणि नुसती उभी राहिले. मग रोजच, ते त्या ऑफिसात चहा घेत बसले की. चांगली कपबशी, बिस्किटं, आणि त्या फरशीखाली आधी काय होतं ते सगळ्यांना माहीत. मी दारातनं हलले नाही. येणारे-जाणारे विचारू लागले, "ह्या काकू का उभ्या?"

आधी मास्तरांनी पाचशे टेकवले. मी हातात धरून तशीच उभी राहिले. सतराव्या दिवशी त्यांनी उरलेले दीड हजार टेबलावर आपटले. "घ्या बाई, आणि जावा एकदाच्या!"

तिथंच मोजले. पुरे दोन हजार भरले.