वेणीतलं केशर

या, अशा जवळ या. उंबऱ्यावरूनच चहा पिऊन पळायची ही काय रीत झाली तुमची? आमच्या थोरल्या भाऊजींचं अर्धंमुर्धं ऐकून हसता, आता पुरतं ऐका. अख्ख्या बीड जिल्ह्यात गवताचा एवढा वैरी दुसरा झाला नसेल. परक्याच्या बांधावर बोलत उभे राहिले तरी यांचा हात खाली तण उपटत असायचा. एका लग्नात तर अक्षता पडेस्तोवर त्यांनी मांडवामागची हरळी मुळासकट काढली आणि मातीच्या हातांनीच नवरदेवाला आशीर्वाद दिला.

घरोघरी रंगीत टीव्ही आले ते दिवस. बीडचे फळवाले चाचा भाऊजींचे जुने दोस्त. सफरचंदांच्या पेट्यांबरोबर त्यांनी काश्मिरातून पिशवीभर केशराचे कंद मागवून दिले. दिसायला थेट लसूण. "ठंडे मुलुख की चीज है, भाऊ," त्यांनी बजावलं. भाऊजी म्हणाले, "नेकनूरच्या स्टँडवर परदेशी कोला येतो, मग माझ्या वाफ्यात केशर कावून येणार न्हाई?" लेक शोभा पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. तिला घरच्या केशराचं दूध पाजीन, असा शब्द त्यांनी व्याह्यांसमोर दिला होता आणि व्याही मिशीत हसले होते. म्हणून वाफ्यावर सावलीला जाऊबाईंचं ठेवणीतलं लुगडंसुद्धा ताणलं गेलं.

दिवाळीच्या तोंडावर चाचा पीक बघायला आले. मी चहा घेऊन मागोमाग गेले. वाफा सारवलेल्या अंगणासारखा स्वच्छ.

"केशर अजून न्हाई," भाऊजी म्हणाले, "पण गवत लई माजलंतं, जांभळ्या फुलांचं. मुळं खोल, उपटंना. सकाळीच विळ्यानं साफ केलं."

चाचांचा चेहरा पांढराफटक.

"वही तो केसर था, भाऊ. कहाँ डाला?"

भाऊजींनी बोट दाखवलं. शेळी शेवटचं पातं चघळत होती. केशर झेंडूसारखं केशरीच फुलणार, असं धरून बसलेला माणूस तो, मटकन खाली बसला.

"आबा, काय झालं?" दोनच दिवसांपूर्वी बाळंतपणाला आलेली शोभा घरातून बाहेर आली. तिच्या वेणीत एक जांभळं फूल होतं, सकाळी त्याच कापलेल्या गवताच्या ढिगातून उचललेलं. चाचांनी ते मागून घेतलं, आतल्या तीन लाल काड्या अलगद काढल्या. भाऊजींनी त्या दुधात टाकून पेला स्वतः लेकीच्या हातात दिला.

"वास लई गोड हाय, आबा," ती म्हणाली. ते डोळे पुसत शेळीला शिव्या देत राहिले.

पुढं त्या वाफ्यात फूल काही आलं नाही, नुसती हरळी माजली. आणि गवताचा हा वैरी तिला रोज तांब्यानं पाणी घालतो. कुणी खुरपं घेऊन गेलं की म्हणतो, "ऱ्हाऊ द्या. त्यात कोण हाय, काय ठावं."

थकलेत आता. लवकर त्यांच्याकडं जाऊन या, त्यांना वाफा दाखवायला माणूस लागतं. फक्त तिथं बोलत उभे राहाल तेव्हा हात खिशात ठेवा.