एकतीस वर्षांत एक फुगा

फुगेनाना हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, पण खऱ्या नावाचा नाद पोस्टमननंसुद्धा केव्हाच सोडला होता. हवामान केंद्रात रोज दोनदा, सकाळी आणि दिवस मावळायच्या जरा आधी, माणसाहून उंच पांढरा रबरी फुगा गॅसनं भरून आकाशात सोडायचा, हे नानांचं काम. फुग्याखाली दोरीला चपलांच्या खोक्याएवढी यंत्राची पेटी. ती वर जाता जाता हवेची गरमी, ओल, वारा सगळं रेडिओवरून कळवत राहते. मग फुगा फुटतो, पेटी कुठेतरी पडते आणि नाना पुढच्या फुग्याच्या तयारीला लागतात. असे चौदा हजारांवर फुगे त्यांच्या हातून गेले होते. तरी कुणी विचारलंच, की नाना, उद्या ऊन पडेल का हो, तर म्हणायचे, "ते साहेब सांगतील. मी फक्त फुगा सोडतो."

फक्त म्हणायचे खरे, पण मनातून त्यांना आपल्या कामाचा भारी तोरा होता, आणि त्या तोऱ्याचं मूळ नोंदवहीत होतं. केंद्राचा जुना नियम असा, की चुकलेली नोंद पुसायची नाही, पान फाडायचं नाही. चुकीवर एक सरळ रेघ मारायची, वर खरं लिहायचं आणि शेजारी सही ठोकायची. इतरांच्या वह्या अशा रेघांनी भरलेल्या. नानांच्या वह्यांत एकतीस वर्षांत एकही रेघ नव्हती. निवृत्तीला तीन आठवडे उरले होते आणि केंद्रप्रमुखांनी शब्द दिला होता, की निरोपाच्या दिवशी 'निर्दोष नोंदी' असं प्रमाणपत्र मिळेल, तेही चौकटीसकट. नानांनी बैठकीच्या खोलीत घड्याळाशेजारी खिळा ठोकूनही ठेवला.

"अहो, येणारा जाणारा विचारतो, इथलं काय पडलं म्हणून," बायको कुरकुरायची.

"पडलेलं नाही, यायचंय," नाना म्हणायचे.

आता फुगा भरणं दिसतं तेवढं सोपं नाही. गॅस पुरे झाला की नाही हे वजनावरून ठरतं. फुग्याच्या तोंडाशी पितळी वजन अडकवायचं, फुग्यानं ते अलगद उचललं की नळी बंद करायची. वजनं दोन. पेटीवाल्या मोठ्या फुग्याला मोठं, नुसता वारा बघायच्या छोट्या फुग्याला लहान. त्या संध्याकाळी नाना निरोपाच्या भाषणाची उजळणी करत होते. 'एकतीस वर्षांत माझ्या हातून एकही चूक...' इथे जरा थांबावं का? टाळ्या इथे येतील की वाक्य संपल्यावर? डोकं टाळ्यांत आणि हात फुग्यात. हातांनी लहान वजन अडकवलं. पेटी उचलण्यापुरता गॅस भरला, झपाट्यानं वर जाण्यापुरता नाही. फुगा रमतगमत निघाला, नानांनी वहीत लिहिलं, 'वजन: मोठं', आणि सही केली. दहा मिनिटांत पेटीचा आवाज बंद पडला. महिन्यातून एखाद्या वेळी तसं व्हायचंच. तीही नोंद करून नाना घरी निघाले, तोंडात भाषण चालूच.

अर्धपोटी फुगा उंचावर गेला आणि फुटण्याऐवजी तिथेच रेंगाळला. खाली सूर्य मावळला, वर अजून ऊन होतं. त्यामुळे अंधारत्या आकाशात एक पांढराशुभ्र गोळा लख्ख पेटल्यासारखा दिसू लागला, आणि वाऱ्यानं त्याला नेऊन ठेवलं कुठे, तर हवाई दलाच्या तळाच्या अगदी डोक्यावर. दोन लढाऊ विमानं उठली. सायरन वाजला. प्रार्थनागृहातून संध्याकाळची प्रार्थना आटोपून बाहेर पडलेले दीडशे लोक अंगणातच मान वर करून उभे राहिले. पाऊण तासानं गोळा गुलाबी झाला आणि विझला.

नानांची बायको त्या दीडशेंत होती. प्रार्थनागृह तिचा धाकटा भाऊ चालवत असे. दोघं बहीणभाऊ धापा टाकत घरात शिरले.

"भावोजी, देवदूत!" मेहुण्यानं दारातूनच सांगितलं. "सगळ्यांनी पाहिला. विमानं पाठवली, तरी जागचा हलला नाही!"

"फुगा असेल," नाना चहा ढवळत म्हणाले.

"फुगा आणि मला कळणार नाही?" बायको उसळली. "एकतीस वर्षं फुगेवाल्याच्या घरात काढली मी. तुमचे फुगे सरळ जातात आणि फुटतात. हा थांबला होता. आपल्याकडे बघत होता."

झालं! दुसऱ्या दिवशी मेहुण्यानं सगळ्यांसमोर हाच पुरावा दिला, की माझी सख्खी बहीण फुगेवाल्याची बायको, तिचीच साक्ष आहे. तरी प्रार्थनागृहात दोन तट पडले. निम्मे म्हणाले देवदूत, निम्मे म्हणाले सैतानाची माया, आणि बाकावर शेजारी बसणाऱ्या दोन म्हाताऱ्यांनी एकमेकींशी बोलणं टाकलं. वर्तमानपत्राला दोन्ही पटेना. त्यांनी शेजारच्या देशाकडे बोट दाखवलं.

नाना मात्र सकाळी कामावर आले आणि जागीच थिजले. गॅसच्या नळीपाशी लहान वजन पडलेलं होतं. मोठं वजन आपल्या खुंटीवर जसंच्या तसं होतं. नानांना सगळं एका क्षणात कळलं. देवदूत, सैतान आणि शेजारचा देश या तिघांच्या जागी आपण एकटेच उभे आहोत, हे त्यांना मुळीच आवडलं नाही. त्यांनी केंद्रप्रमुखांना गाठून वजनाचं सांगितलं.

केंद्रप्रमुखांनी आधी दार लावून घेतलं. "नाना, तीन आठवडे राहिलेत. वहीत काय लिहिलंय? मोठं वजन. मग मोठंच होतं. प्रमाणपत्र छापून आलंय हो!"

नाना पुढच्या फुग्याच्या तयारीला लागले. दोन दिवस त्यांना जेवण गोड लागलं नाही. भाषणाचं ते वाक्य आपोआप ओठांवर येई आणि खाली वजन पडल्याचा आवाज कानात वाजे.

तिसऱ्या दिवशी संरक्षण खात्याच्या चौकशी अधिकारी आल्या. थकलेल्या, चष्मा कपाळावर चढवलेल्या, हातात जाडजूड फाइल. आकाशात दिसणाऱ्या अज्ञात वस्तूंचा तपास करायचं काम त्यांच्याकडे अकरा वर्षं होतं. केंद्रप्रमुखांच्या खोलीत बसून त्यांनी चहाचा घोट घेतला आणि मन मोकळं केलं.

"तळावरचे म्हणतात शत्रू. प्रार्थनागृहातले म्हणतात देवदूत. आणि आमच्याच खात्यात अगदी वरच्या खुर्चीवरचे एक साहेब आहेत, त्यांनी लेखी कळवलंय की या सैतानी शक्ती आहेत, यांच्या नादी लागू नका, चौकशी बंद करा. मी शोधायचं तरी कुणाला? शत्रूची हद्द मला ठाऊक आहे. सैतानाची कुठून सुरू होते?" मग त्या नानांकडे वळल्या. "त्या संध्याकाळचा फुगा तुम्हीच सोडलात ना? नेहमीसारखाच?"

केंद्रप्रमुखांनी वही उघडून पुढे सरकवली. 'वजन: मोठं.' खाली नानांची वळणदार सही. केंद्रप्रमुख डोळ्यांनी सांगत होते, नाना, हो म्हणा आणि मोकळे व्हा.

नानांच्या डोळ्यांसमोर घरच्या घड्याळाशेजारचा खिळा आला. मग त्यांनी खिशातलं पेन काढलं, केंद्रप्रमुखांच्या टेबलावरची पट्टी ओढून घेतली आणि 'मोठं' या शब्दावर एक सरळ रेघ मारली. वर लिहिलं, 'लहान.' शेजारी सही केली. रेघ जराही वाकडी गेली नाही.

"मॅडम, तो माझा होता," ते म्हणाले, आणि वजनाचं, भाषणाचं, सगळं सांगून टाकलं. टाळ्यांचंसुद्धा.

अधिकारी बाई बघतच राहिल्या. मग कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर आला आणि त्या हसायला लागल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"अकरा वर्षांत तीनशे चाळीस प्रकरणं झाली," त्या म्हणाल्या. "कुणीतरी येऊन 'ते माझं होतं' म्हणावं, एवढीच वाट बघत होते मी. एकसुद्धा आला नाही." त्यांनी पर्समधून दोन रबरी शिक्के काढले. 'अज्ञात' लिहिलेला झिजून गुळगुळीत झालेला. 'ओळख पटली' लिहिलेला अगदी कोरा, दुकानातून आणल्यासारखा. तो उमटेचना. शेवटी त्यांनी दोन्ही हातांनी दाबून कागदावर उठवला. "वरच्या साहेबांना हाच कागद पाठवते. म्हणावं, तुमचा सैतान सापडला. पुढच्या महिन्यात निवृत्त होतोय."

केंद्रप्रमुख मात्र हसले नाहीत. नियम तो नियम. प्रमाणपत्र कपाटात गेलं.

घरी सांगणं त्याहून कठीण होतं. मेहुणा डोक्याला हात लावून बसला. "भावोजी, देवाला तुमचाच फुगा सापडला का? निदान असं तरी म्हणा, की लहान वजन लावायची बुद्धी देवानं दिली."

"देवानं नाही रे, भाषणानं दिली."

बायकोनं दोन दिवस चहाचा कप नुसता समोर आदळला. साक्षीदार म्हणून तिची शोभा झाली होती, आणि ते खरंच होतं. तिसऱ्या दिवशी ती नानांना घेऊन प्रार्थनागृहात गेली आणि दीडशे लोकांसमोर त्यांच्याकडून सगळं वदवून घेतलं. मग मागच्या बाकावरची देवदूतवाली म्हातारी सैतानवालीला म्हणाली, "चल, दोघी चुकलो," आणि जरा सरकून तिला जागा करून दिली. मेहुण्यानं ते पाहिलं, आणि त्या दिवसाचं प्रवचन आटोपतं घेतलं.

निरोपाच्या दिवशी नाना भाषणाला उभे राहिले. "एकतीस वर्षं, चौदा हजारांवर फुगे," ते म्हणाले, "आणि एक रेघ." थांबायचं त्यांच्या लक्षातच राहिलं नाही, तरी टाळ्या पडल्या. केंद्रप्रमुखांनीही वाजवल्या.

घरी परतले तर खिळा रिकामा नव्हता. अधिकारी बाईंनी शिक्क्याच्या कागदाची प्रत पोस्टानं पाठवली होती. 'वस्तू: फुगा. माहिती देणारा: सोडणारा स्वतः. ओळख पटली.' बायकोनं घरातल्याच एका जुन्या चौकटीत ती बसवली होती. चौकट डावीकडे जरा कललेली होती. नानांचा हात सवयीनं सरळ करायला वर गेला.

"राहू द्या हो," बायको म्हणाली. "आता कुणी विचारलं, हे काय, तर मला सांगता येतं."